ठिपका मोहोळलाच का अडकतो? गाडीचं लोकेशन मोबाइलमधून सर्व्हरपर्यंत पोचतं कसं

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी भरून टेम्पो पुण्याला निघतो. मालकाच्या मोबाइलवर नकाशा असतो आणि नकाशावर निळा ठिपका. ठिपका मोहोळपर्यंत नीट सरकतो आणि तिथे पाऊण तास चिकटून बसतो. मग फोन जातो, "काय बे, मोहोळलाच झोपलास व्हय?" पलीकडून उत्तर येतं, "नाय मालक, टेंभुर्णी मागं पडली की!" मालकाला वाटतं ड्रायव्हर थापा मारतोय, ड्रायव्हरला वाटतं ॲप बोगस आहे. खरं तर जीपीएसनं आपलं काम चोख केलेलं असतं. टेम्पो कुठे आहे हे ड्रायव्हरच्या खिशातल्या फोनला सेकंदासेकंदाला ठाऊक असतं. ते सर्व्हरला, म्हणजे ॲपच्या मध्यवर्ती संगणकाला, कळवायचं तेवढं राहिलेलं असतं.

लोकेशन सापडणं आणि लोकेशन पोचणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. बहुतेक ट्रॅकिंग ॲप फसतात ती दुसऱ्या कामात, आणि शिव्या मात्र पहिल्याला बसतात.

पहिलं काम थोडक्यात आटपू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ आणि जागा प्रसारित करत असतात. फोन ते फक्त ऐकतो, उपग्रहाला उलट काहीही पाठवत नाही. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण पृथ्वीवर कुठे आहोत याचं गणित फोन स्वतःच करतो. अनेक नव्या फोनमध्ये इस्रोच्या नाविक उपग्रहांचे संदेशही वापरले जातात. याला ना सिम लागतं, ना रिचार्ज. नेटवर्क असेल तर उपग्रहांची माहिती आधीच मिळते आणि पहिला ठिपका लवकर सापडतो, एवढाच फरक. नाहीतर फोनला ती माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि तो वेग सेकंदाला अवघा ५० बिट असल्यामुळे एकेका उपग्रहाची पूर्ण माहिती यायला अर्धं मिनिट जातं.

म्हणजे रेंज नसलेल्या माळावरही फोनला आपली जागा कळते. ती सांगायची कुणाला आणि कशी, हा खरा प्रश्न.

आधी लिहा, मग पाठवा

घाईत बनवलेलं ॲप असं चालतं: ठिपका मिळाला, सर्व्हरला पाठवला, विसरून गेलं. पुढचा मिळाला, तोही पाठवला. रेंज आहे तोवर हे झकास चालतं. रेंज गेली की त्या काळातले ठिपके हवेत विरतात. तुळजापूरच्या घाटात असं झालं, तर नकाशावर गाडी वळणं सोडून डोंगरातून सरळ रेषेत गेल्यासारखी दिसते. किलोमीटर कमी भरतात, डिझेलचा हिशोब जुळत नाही आणि भांडण पुन्हा ड्रायव्हरशीच.

यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. ठिपका मिळाला की आधी फोनमधल्याच डेटाबेसमध्ये लिहायचा. अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतोच, तीच फोनची वही समजा. लिहिणाऱ्या भागानं नेटवर्क आहे की नाही हे विचारायचंसुद्धा नाही. पाठवणारा भाग वेगळा ठेवायचा. तो अधूनमधून वहीत डोकावतो, न पाठवलेल्या नोंदी उचलतो आणि रवाना करतो. दोघांचा एकमेकांशी संबंध फक्त त्या वहीपुरता.

जागा किती लागेल, ही भीती अनाठायी आहे. दर १० सेकंदांनी एक नोंद आणि रोज १० तास गाडी धरली, तर ३,६०० नोंदी होतात. अक्षांश, रेखांश, वेळ, वेग, अचूकता मिळून एका नोंदीला १५० बाइट पकडले तरी दिवसाचे अर्धा एमबीच्या आसपास होतात. फोनच्या कॅमेऱ्यातला एक फोटो याहून मोठा असतो. त्यामुळे 'जागा वाचवायची म्हणून १०० नोंदीच ठेवतो, जुन्या पुसतो' असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. प्रवासी वाहनांतल्या ट्रॅकिंग यंत्रांसाठी आपल्याकडे एआयएस-१४० हे मानक आहे. त्यातही रेंज नसताना नोंदी साठवून नंतर पाठवण्याची अट आहे, आणि साठवणूक किमान ४०,००० नोंदींची हवी. एका मुठीएवढ्या यंत्राला जे जमतं ते फोनला न जमायला काय झालं?

पोच मिळाल्याशिवाय पुसायचं नाही

आता मुख्य गाठ. नोंद पाठवली, मग वहीतून पुसायची कधी?

ट्रान्सपोर्टवाल्यांना याचं उत्तर शिकवावं लागत नाही. माल उतरवला म्हणजे काम संपलं असं ते मानत नाहीत. समोरच्याची सही-शिक्का असलेली बिल्टीची, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीची, पोच हातात आली की भाडं मिळतं. ॲपनंही तेच करायचं. नोंद 'पाठवली' म्हणून पुसायची नाही, सर्व्हरची पोच आली की पुसायची. आणि सर्व्हरनंही पोच द्यायची ती नोंद स्वतःच्या डेटाबेसमध्ये कायमची लिहून झाल्यावर. आधी 'मिळालं' म्हणायचं, मग निवांत लिहायला घ्यायचं आणि मधेच सर्व्हर बंद पडायचा, असं झालं की नोंद इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक पेच आहे. पाठवल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. नोंद पोचली आणि पोच परत आली, हे उत्तम. नोंद वाटेतच गळाली, पोच आली नाही. किंवा नोंद पोचली, सर्व्हरनं लिहून घेतली, पोच निघाली आणि नेमकी तीच वाटेत गळाली. फोनच्या जागी बसून पाहा: दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात त्याला काहीच फरक दिसत नाही. दोन्हीकडे नुसती शांतता. बेभरवशाच्या वाटेवरून निरोप पाठवणाऱ्या दोघांची शंभर टक्के खात्री कधीच पटू शकत नाही, हे १९७० च्या दशकातच संगणकशास्त्रात मांडलं गेलं. 'दोन सेनापतींचा प्रश्न' या नावानं ते आजही शिकवलं जातं. कितीही महागडा सर्व्हर घ्या, हा पेच पैशानं सुटत नाही.

म्हणून पोच आली नाही की फोननं पुन्हा पाठवायचं, निःशंकपणे. त्यामुळे सर्व्हरकडे एकच नोंद दोनदा, तीनदा येणार हे गृहीत धरायचं आणि दुबार नोंद ओळखण्याचं काम सर्व्हरवर सोपवायचं. त्यासाठी प्रत्येक नोंदीला फोनमध्येच, लिहितानाच, एक ओळख द्यावी लागते. सर्व्हर बघतो, ही ओळख आधी आली आहे का? आली असेल तर पुन्हा लिहीत नाही, पण पोच मात्र देतो. हे 'पण' फार महत्त्वाचं आहे. दुबार नोंदीला सर्व्हरनं चूक म्हणून परत लावलं, तर फोन बिचारा तीच नोंद जन्मभर पाठवत बसतो.

ओळख कशी द्यायची यावर मतभेद आहेत. बरेच जण लांबलचक यादृच्छिक अक्षरांचा क्रमांक वापरतात. मला साधा चढता अनुक्रमांक जास्त आवडतो: १, २, ३, ४. ॲप पुन्हा टाकलं की तो १ पासून सुरू होईल, म्हणून जोडीला त्या इन्स्टॉलेशनचा एक वेगळा क्रमांक ठेवायचा, की गोंधळ होत नाही. अनुक्रमांकाचा फायदा असा की मधलं काही हरवलं तर लगेच दिसतं. ४,१०० नंतर थेट ४,१४१ आला, म्हणजे चाळीस नोंदी कुठेतरी अडकल्या किंवा गेल्या. यादृच्छिक क्रमांकात असलं भोक कधीच दिसत नाही.

आणखी एक खाचखळगा. वेबच्या भाषेत २०० हा आकडा म्हणजे 'ठीक आहे'. कित्येक ॲप २०० दिसला की पोच मिळाली असं समजून नोंदी पुसतात. पण लॉजच्या किंवा हॉटेलच्या वायफायला फोन जोडला जातो तेव्हा आधी 'मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका' असं पान येतं. ते पानही २०० म्हणूनच येऊ शकतं. सुरक्षित एचटीटीपीएस जोडणी असेल तर बहुतेक वेळा सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र जुळत नाही आणि ॲप वाचतं. तरी आपल्याच सर्व्हरच्या दारात बसलेला एखादा मध्यस्थ प्रोग्राम 'सध्या काम चालू आहे' असं पान २०० म्हणून देऊन मोकळा होतो. म्हणून पोच म्हणजे नुसता आकडा नव्हे. 'अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत लिहून घेतलं' असं सर्व्हरचं उत्तर आलं पाहिजे, आणि ॲपनं तेवढेच क्रमांक पुसले पाहिजेत.

पुन्हा पाठवायचं, पण कधी?

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा फोनवर रेंजच्या दांड्या भरलेल्या असतात आणि फोटो मात्र जात नाही. आषाढीच्या आधी वाखरीला पालख्या एकत्र येतात तेव्हाही तेच. दांड्या टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो एवढंच सांगतात. टॉवरला आपल्यासाठी सवड आहे का, हे त्या सांगत नाहीत. अशा गर्दीत अडकलेल्या गाड्यांचे फोन दर दोन सेकंदांनी पुन्हा पुन्हा धडका मारू लागले, तर काम होत नाही, बॅटरी तेवढी उतरते आणि टॉवरवरची गर्दी वाढते.

म्हणून थांबण्याचा वेळ वाढवत न्यायचा. पहिल्यांदा ५ सेकंद, मग १०, मग २०, ४०, असं करत दहा मिनिटांपर्यंत. त्यापुढे वाढवायचा नाही, नाहीतर रेंज येऊनही फोन ढिम्म बसून राहतो. नेटवर्क परत आलं असं फोननं सांगितलं की लगेच एक प्रयत्न करायचा. आणि या प्रत्येक थांब्यात थोडा यादृच्छिकपणा घालायचा: कुणी १७ सेकंद थांबेल, कुणी २३. याचं कारण सर्व्हरच्या बाजूनं पाहिलं की कळतं. सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला आणि उठला. चारशे फोन एकाच घड्याळावर थांबलेले असतील तर ते चारशेही त्याच सेकंदाला दारात येतात आणि नुकता उठलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो.

सगळ्याच नकारांना पुन्हा पाठवणं हे उत्तर नसतं. उत्तरच आलं नाही किंवा ५०३ सारखा पाचशेच्या घरातला आकडा आला, तर दोष पलीकडचा आहे, पुन्हा पाठवा. ४२९ आला तर सर्व्हर म्हणतोय 'जरा दमानं', त्यानं सांगितलेला वेळ पाळा. ४०१ म्हणजे लॉगिनची मुदत संपली. लॉगिन ताजं करा, नोंदींना हात लावू नका. लॉगआउट होताच वही कोरी करणारी ॲप पाहिली आहेत, तो निव्वळ गाढवपणा आहे. सगळ्यात छळणारा आकडा ४००. म्हणजे नोंदच बिघडलेली आहे, समजा वेगाच्या जागी काहीतरी भलतंच लिहिलं गेलंय. ती हजार वेळा पाठवली तरी सर्व्हर घेणार नाही, आणि ती रांगेत पहिली असेल तर मागच्या सगळ्या चांगल्या नोंदी तिच्यापायी खोळंबतात. अशी नोंद उचलून बाजूच्या कप्प्यात ठेवायची, रांग पुढे सोडायची, आणि तो कप्पा कुणीतरी माणसानं नंतर तपासायचा.

एकेक नोंद पाठवण्यापेक्षा गठ्ठ्यानं पाठवलेलं केव्हाही बरं. डेटा पाठवून झाल्यावरही फोनचा रेडिओ काही सेकंद जागाच राहतो आणि बॅटरी खातो. दर दहा सेकंदांनी पाठवलं तर त्याला झोपायला वेळच मिळत नाही. एक-दोन मिनिटांनी एक गठ्ठा पाठवला तर मालकाच्या नकाशावर फारसा फरक पडत नाही, ड्रायव्हरचा फोन मात्र संध्याकाळपर्यंत टिकतो.

दोन तास रेंज नव्हती, आता आली, आणि वहीत ७२० नोंदी साचल्या आहेत. आधी कुठली पाठवायची? रांगेच्या न्यायानं सगळ्यात जुनी. पण मालक नकाशाकडे डोळे लावून बसलाय, त्याला गाडी आत्ता कुठे आहे ते हवंय. माझ्या मते आधी सगळ्यात ताजी एक नोंद पाठवावी, मग शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी मागची थकबाकी. तसं केलं तर सर्व्हरला एक पथ्य पाळावं लागतं: नोंदी आल्या त्या क्रमानं न लावता घडल्या त्या क्रमानं लावायच्या, आणि थकबाकीतली जुनी नोंद आली म्हणून नकाशावरचा ठिपका मागे ओढायचा नाही.

दोन वेळा लिहिल्या की भांडण मिटतं

प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात. एक फोननं नोंद केली तेव्हाची आणि दुसरी सर्व्हरला मिळाली तेव्हाची. पहिलीसाठी फोनच्या घड्याळावर विसंबू नये, ते कुणीही पुढे-मागे करू शकतं. उपग्रहाकडून आलेली वेळ जास्त खात्रीची. साठवताना जागतिक वेळ ठेवायची आणि दाखवताना साडेपाच तास मिळवायचे.

मोहोळच्या ठिपक्याचा निवाडा या दोन वेळा आणि अनुक्रमांक मिळून करतात. नोंदी दहा-दहा सेकंदांच्याच आहेत, पण सर्व्हरला पाऊण तास उशिरा एकदम मिळाल्या, तर नेटवर्क नव्हतं. ड्रायव्हर निर्दोष. अनुक्रमांक सलग आहेत, पण एका नोंदीत आणि पुढच्या नोंदीत मुळातच पाऊण तासाचं अंतर आहे, तर त्या काळात बहुधा ॲपच झोपलेलं होतं. थकबाकी पूर्ण येऊनही अनुक्रमांकच मधून गायब असेल, तर नोंदी लिहूनही हरवल्या आणि दोष ॲप बनवणाऱ्याचा. आणि नोंदी वेळेवर येताहेत, फक्त सगळ्या एकाच ढाब्याच्या आहेत, तर मग मालकानं फोन लावायला हरकत नाही.

नकाशाच्या पडद्यावरही एक दुरुस्ती हवी. शेवटची नोंद पाऊण तासापूर्वीची असेल तर ठिपका करडा करा आणि शेजारी 'पाऊण तासापूर्वी' असं लिहा. जुनी जागा ताजी म्हणून दाखवल्यानंच अर्धे वाद होतात.

ॲप झोपतं का, तर बॅटरी वाचवायला अँड्रॉइड त्याला झोपवतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन बराच वेळ पडून राहिला की मागे चालणाऱ्या ॲपचं नेटवर्क आवळलं जातं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून मागच्या ॲपला तासाभरात मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये 'कायम परवानगी' वेगळी मागावी लागू लागली. सरळमार्गी उपाय म्हणजे गाडी चालू असताना 'ट्रॅकिंग सुरू आहे' अशी सूचना सतत वर दिसत ठेवणारी सर्व्हिस. ती सूचना ड्रायव्हरला खुपते, पण तिच्यामुळेच फोन ॲपला जागं राहू देतो. त्यावर फोन कंपन्यांची आपापली बॅटरी बचत असते, त्या यादीतून ॲप हातानं वगळावं लागतं. आणि फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला तर पिन टाकेपर्यंत बहुतेक ॲप उठतच नाहीत, हे ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं बरं.

सोलापूरच्या मे महिन्याचं वेगळं सांगायला नको. बाहेर चाळिशीपार पारा आणि फोन काचेमागे डॅशबोर्डवर, तोही चार्जिंगला लावलेला. ॲपल आयफोनसाठी ० ते ३५ अंशांची हवा योग्य मानते, इतर फोनही फार वेगळे नाहीत. तापला की फोन चार्जिंग थांबवतो, मंदावतो आणि शेवटी बंद पडतो. फोन सावलीत, गिअरजवळच्या कप्प्यात ठेवला तर निम्म्या तक्रारी कमी होतात. सॉफ्टवेअरवाल्यांना हा उपाय फारसा भारी वाटत नाही, पण लागू पडतो.

फोन ड्रायव्हरचा स्वतःचा असेल तर ड्युटी संपल्यावर नोंदी थांबल्याच पाहिजेत, आणि थांबवायचं बटण त्याच्या हाताशी हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला मोठं स्थान आहेच. कायदा नसता तरी, माणूस रात्री घरी गेल्यावर त्याचा ठिपका पाहण्याचं मालकाला काय कारण?

ॲप विकत घेताना तपासणी स्वतः करून पाहता येते. सोलापुरात सात रस्त्यावर फोनचं एअरप्लेन मोड चालू करा, लोकेशन चालूच ठेवा, आणि पुणे रोडवरच्या बाळे गावापर्यंत जा. तिथे नेटवर्क चालू करून दहा मिनिटं चहा घ्या. नकाशावर मधला सगळा रस्ता वळणांसकट उमटला पाहिजे. परत येताना ॲप पाठवत असतानाच एअरप्लेन मोड चार-पाच वेळा चालू-बंद करा, म्हणजे काही पोचा वाटेत गळतील. मग दोन्ही बाजूंचे किलोमीटर ताडून पाहा. येतानाचे बरेच जास्त भरले तर सर्व्हर बहुधा दुबार नोंदी न ओळखता आल्या त्या क्रमानं मोजतोय, बरेच कमी भरले तर ॲप बहुधा पोचेआधीच पुसतंय. विक्रेत्याला नेमकं हेच विचारा.